धर्मानंद कोसंबींवर ४ जूनला बोलायचे आहे: सुरुवात कुठून करावी?

संध्यापाठ

सर्वांना नमस्कार. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात येत्या ४ जूनला, म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबींच्या स्मृतिदिनी, त्यांच्यावर पाऊण तास बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेली चार वर्षे मी नागपुरातच संध्याकाळच्या वर्गात पाली शिकते आहे आणि त्रिपिटकाशी, म्हणजे बौद्धांच्या मूळ पाली ग्रंथांशी, माझी जी काही ओळख झाली ती कोसंबींच्या मराठी पुस्तकांमुळे झाली, त्यामुळे हे काम मी आनंदाने घेतले. ऐकायला चाळीसेक माणसे असतील. त्यांत रेल्वेतून आणि वीज मंडळातून निवृत्त झालेले लोक, महिला मंडळातील बायका आणि महाविद्यालयात जाणारी दहा-बारा मुले असतील. त्यांतल्या बहुतेकांना कोसंबी हे नाव त्यांचे पुत्र, इतिहासकार दामोदर कोसंबींमुळे माहीत आहे.

मी टिपण लिहिले ते असे: ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे जन्म, लहानपण नारळाच्या बागांत, शालेय शिक्षण थोडेच, ‘बालबोध’ मासिकातील बुद्धावरचा एक लेख आणि तुकोबांची गाथा या दोहोंनी मनाची घेतलेली पकड, १८९९ साली घर सोडणे, पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट, मग ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया आणि अखेर कोलंबो, १९०२ साली तेथे प्रव्रज्या (भिक्खूची दीक्षा), पुढे ब्रह्मदेश, कलकत्ता, बडोदे, हार्वर्ड, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, १९२९ साली लेनिनग्राड, १९३०चा मिठाचा सत्याग्रह, परळचा बहुजन विहार आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला देहत्याग.

हे सगळे मी घरी मोठ्याने वाचले, तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, हे कोणाचे तरी सर्व्हिस बुक वाचल्यासारखे वाटते.” तिचे म्हणणे मला पटले. मग या आयुष्याचा मध्यबिंदू कोणता धरावा? हार्वर्डचे संपादन, मराठीतले लेखन की ती पायपीट? आपली मते हवी आहेत.

जुनी_पोथी

ताई, पायपिटीपासूनच सुरुवात करा, कारण ती पायपीट ग्रंथांसाठी होती ही गोष्ट आजच्या श्रोत्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. १८९९ साली महाराष्ट्रात बसून त्रिपिटक वाचायचे म्हटले तर ते वाचायचे कशात, असा प्रश्न होता. १८८१ साली स्थापन झालेल्या लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीची पुस्तके रोमन लिपीत होती आणि बाकीचे ग्रंथ सिंहली, ब्रह्मी (ब्रह्मदेशी) किंवा स्यामी लिपीत होते. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. ती ज्या देशात गेली त्या देशाचे अक्षर तिने घेतले. नव-नालंदा महाविहाराने भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली ४१ खंडांत नागरी त्रिपिटक छापले ते १९५६ नंतर, म्हणजे कोसंबी गेल्यावर जवळजवळ दहा वर्षांनी.

काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत व्याकरण घोकणारा हा तरुण पुढे कोलंबोच्या विद्योदय परिवेणात (भिक्खूंच्या विद्यालयात) हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांपुढे बसतो, तेव्हा त्याला आधी परकी अक्षरे गिरवावी लागतात. सव्विसाव्या वर्षी पुन्हा धुळाक्षरे काढणारा माणूस श्रोत्यांना दाखवा, म्हणजे पुढचे सगळे आपोआप समजेल.

अक्षरवाट

जुनी_पोथी सरांचा मुद्दा मान्य आहे, पण मध्यबिंदू मात्र हार्वर्डला त्यांनी संपादलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथच असावा. आपल्याकडे कोसंबींचे कौतुक होते ते त्यांच्या त्यागाचे. त्यांच्या कामाचे कौतुक त्या मानाने फार कमी होते आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

पाचव्या शतकात अनुराधपुरात बुद्धघोषाचार्यांनी शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने २३ परिच्छेदांत रचलेला हा ग्रंथ म्हणजे थेरवादाचे, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या बौद्ध परंपरेचे, सार आहे. हार्वर्डच्या हेन्री क्लार्क वॉरन यांनी सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितांवरून त्याची संशोधित प्रत तयार करायला घेतली, पण काम अर्धवट ठेवून ते जानेवारी १८९९ मध्ये वारले. त्याच वर्षाच्या शेवटी गोव्यातला एक तरुण घराबाहेर पडतो आणि अकरा वर्षांनी, १९१० साली, तेच काम त्याच्यापुढे येते. त्यासाठी कोसंबी एकदा नाही तर चार वेळा अमेरिकेला गेले: १९१०-१२, १९१८-२२, १९२६-२७ आणि १९३१-३२. संपादक म्हणून कोणाचे नाव कसे छापायचे यावरून हार्वर्डचे प्राध्यापक लानमन यांच्याशी मतभेद झाला आणि पहिल्या खेपेला ते काम अपुरे टाकून परतले. संपादन पुढच्या खेपांत पुरे झाले आणि हार्वर्ड ओरिएंटल सीरिजचा ४१वा खंड म्हणून ग्रंथ प्रत्यक्ष बाहेर पडला १९५० साली. तो पाहायला कोसंबी नव्हते. मधल्या काळात, १९४० साली, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची नागरी प्रत छापली, एवढेच त्यांच्या डोळ्यांदेखत झाले.

संपादन म्हणजे नेमके काय, हे सांगायला एक शब्द पुरतो. त्रिपिटकातल्या सुत्तनिपात या ग्रंथात ‘एकमेकांशी विरोधात पडलेले’ या अर्थाचा शब्द ब्रह्मी परंपरेत ‘ब्यारुद्धे’ असा आणि सिंहली परंपरेत ‘व्यारुद्धे’ असा येतो. अर्थ एकच असल्यामुळे इथे फारसे बिघडत नाही, पण शेकडो पृष्ठांच्या ग्रंथात असा फरक ओळीओळीला भेटतो आणि काही ठिकाणी त्याने अर्थच पालटतो. प्रत्येक जागी थांबायचे, सगळी हस्तलिखिते ताडून पाहायची आणि एक पाठ स्वीकारून दुसरा तळटीपेत टाकायचा, असे ते काम असते.

धरमपेठ

चाळीस लोकांपुढे तळटीप नको. झोपतील.

अक्षरवाट

धरमपेठ, एक शब्द फळ्यावर लिहून दाखवला तर कोणी झोपत नाही. शाळेत शिकवताना मी हे अनेकदा पाहिले आहे.

मैत्रायणी

मला जरा वेगळ्या बाजूने लिहायचे आहे. घर सोडले, प्रव्रज्या घेतली, ग्रंथ संपादला, हे आपण वाचत जातो आणि १८९९ साली घरात नुकतीच जन्मलेली मुलगी आणि तिची आई बाळाबाई होती हे एका अर्ध्या वाक्यात उरकतो. बाळाबाईंनी पुढची सहा-सात वर्षे कशी काढली असतील? नवरा मेला म्हणावे तर तसेही नाही आणि आहे म्हणावे तर पत्ता नाही. त्या काळच्या गोव्यातल्या एकत्र कुटुंबात अशा बाईकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, हे सांगायला पुस्तक लागत नाही. माझ्या आजीच्या थोरल्या जाऊबाईंचे यजमान साधू होऊन गेले होते. त्या बाईंनी पन्नास वर्षे कपाळाचे कुंकू पुसले नाही आणि कोणत्याही सणाला पहिल्या पंगतीला बसल्या नाहीत. त्यांना मी लहानपणी पाहिले आहे, म्हणून लिहिते.

ताई, तुमच्या श्रोत्यांत महिला मंडळ आहे. त्यांच्यापैकी कोणी हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार ठेवा.

जुनी_पोथी

मैत्रायणीताई, तुमची तक्रार रास्त आहे. तिच्यात दोन गोष्टींची भर घालतो. कोसंबी कायमचे गेले नाहीत. चीवर (भिक्खूचे वस्त्र) उतरवून ते १९०६च्या सुमारास परतले आणि पुन्हा संसारात आले. १९०७ साली दामोदरांचा जन्म झाला. दुसरे म्हणजे १९१८च्या अमेरिकेच्या खेपेला त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि दामोदर या दोघांनाही बरोबर नेले आणि माणिकने तिथल्या रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवी घेतली. ज्या मुलीला तान्ही असताना सोडून गेले तिलाच पुढे त्या काळी इतक्या लांब शिकायला नेले, हेही त्यांच्याच आयुष्यात घडले. त्यामुळे आधीची वर्षे भरून निघतात असे मी म्हणणार नाही.

मैत्रायणी

माणिकबद्दल मला माहीत नव्हते, धन्यवाद. तरीही बाळाबाईंचे नाव भाषणात यावे, एवढेच माझे मागणे आहे. आणि आणखी एक नाव घ्यावे: नात मीरा कोसंबी. आजोबांचे लेखन इंग्रजीत आणून नव्या वाचकांपुढे ठेवण्याचे काम त्यांनी केले. ज्या घराने सोसले त्याच घरातील एका बाईने हा वारसा सांभाळला.

कामठी_रोड

जय भीम. आमच्या घरात कोसंबींची ‘भगवान बुद्ध’ची जुनी प्रत आहे. हे पुस्तक १९४०-४१ साली दोन भागांत नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढले होते, म्हणजे या विद्वानाचे सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक आपल्या गावाशी जोडलेले आहे. पुढे १९५६ साली, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, साहित्य अकादमीने त्याचे इतर भारतीय भाषांत अनुवाद करवून घेतले. माझ्या वडिलांनी आमची प्रत जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून विकत घेतली आणि तिला खाकी कागदाचे वेष्टण घालून ठेवले. ते दर वर्षी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांसमोर दोन-दोन तास उभे राहत असत. मिलमध्ये कामाला असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पेन्सिलीने खुणा करत पाली उतारे वाचतो, ही गोष्ट कोसंबींनी मराठीत लिहिले म्हणूनच शक्य झाली. म्हणून माझे मत मराठी पुस्तकांच्या बाजूने आहे. ‘विसुद्धिमग्ग’ जगासाठी झाला, ‘भगवान बुद्ध’ आमच्यासाठी.

या पुस्तकाने आम्हाला काय दिले ते सांगतो. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कोसंबींनी दाखवले की दीघनिकायाच्या महापदान सुत्तात ही गोष्ट विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात गौतम बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील ‘अस्सुमुख’, म्हणजे आसवांनी भिजलेल्या तोंडाने, रडत असताना मी केस-दाढी उतरवून घराबाहेर पडलो. रात्री गुपचूप निघाल्याचे तिथे काही नाही. आणि निघण्याचे कारण सुत्तनिपाताच्या अत्तदण्ड सुत्तात आहे:

फन्दमानं पजं दिस्वा मच्छे अप्पोदके यथा ।
अञ्ञमञ्ञेहि ब्यारुद्धे दिस्वा मं भयमाविसि ॥

थोड्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांच्या विरोधात उभी ठाकलेली प्रजा पाहून माझ्या मनात भय शिरले. माणसांच्या आपसातल्या भांडणाने तो तरुण अस्वस्थ झाला. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय या दोन कुळांचा झगडा आणि त्यापायी सिद्धार्थाची परिव्रज्या येते. ते वाचताना मला कोसंबींच्या याच पानांची आठवण होते.

अक्षरवाट

कामठी_रोड, सुंदर लिहिलेत. पण एक सावधगिरी सुचवतो. रोहिणीच्या पाण्याचे भांडण जातकाच्या आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत (जुन्या भाष्यात) आहे, पण तिथे बुद्धत्व मिळाल्यानंतर भगवान मध्ये पडून ते मिटवतात. ते गृहत्यागाशी जोडणे हा नंतरच्या विचारवंतांचा अन्वय आहे. तो अन्वय मला पटतो, मात्र भाषणात मूळ गाथा कोणती आणि अन्वय कोणता हे वेगळे सांगावे. खुद्द कोसंबींची शिस्त तीच होती: आधी वचन द्यायचे आणि मग आपला तर्क मांडायचा.

कामठी_रोड

मान्य आहे सर. ही शिस्त त्यांना महागही पडली. प्राचीन ग्रंथांतील मांसाहाराच्या उल्लेखांवर त्यांनी जसे दिसले तसे लिहिले, तेव्हा जैन समाजातून मोठा विरोध झाला, तरी त्यांनी वचन झाकले नाही.

वर्धेकर

शेवटाबद्दल कोणीच बोलले नाही. आमच्या सेवाग्रामला, नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. वय झाले होते, आजार जडले होते आणि आता या शरीराकडून काम होत नाही, तर ते इतरांच्या सेवेवर जगवू नये, असा त्यांचा विचार होता. आदल्या वर्षीही त्यांनी हा प्रयत्न केला होता, तेव्हा गांधीजींनी परावृत्त केले. ते गेले तेव्हा गांधीजी दिल्लीत होते आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत त्यांनी कोसंबींना श्रद्धांजली वाहिली. देशाच्या फाळणीची घोषणा नुकतीच झालेली असल्याने त्या आठवड्यात एका पाली पंडिताच्या जाण्याकडे लक्ष द्यायला कोणाला उसंत होती?

कामठी_रोड

दादा, या शेवटाबद्दल माझ्या मनात खरोखरच अडचण आहे. तथागतांनी उरुवेलेला उपासमारीचा मार्ग सोडून दिला, सुजाताची खीर स्वीकारली आणि मध्यम मार्ग सांगितला. त्यांचेच ग्रंथ जन्मभर वाचणाऱ्या माणसाने उपवासाने मरण पत्करावे, हे मला पटत नाही. आदर ठेवूनच म्हणतो.

जुनी_पोथी

याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या काळातील पुस्तकात शोधावे लागते. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांच्या पश्चात १९४९ साली आले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह ही जैन तीर्थंकर पार्श्वनाथांची चार यामे (व्रते) बुद्धाच्या विचारामागे उभी आहेत, असे ते त्यात मांडतात. सल्लेखनेकडे, म्हणजे अन्न सोडून देह ठेवण्याच्या जैन व्रताकडे, ते याच परंपरेच्या वाटेने आले. म्हणजे ज्या समाजाशी त्यांचा वाद झाला त्याच समाजाच्या एका प्राचीन व्रताने त्यांनी आयुष्य संपवले. बौद्ध दृष्टीने तुमची अडचण खरी आहे आणि ती भाषणात तशीच मांडावी. विद्वानाला एका चौकटीत बसवण्याचा आग्रह मात्र धरू नये.

धरमपेठ

पैशाची गोष्ट राहिली. कलकत्ता विद्यापीठातील चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये स्वीकारले. अट एवढीच होती की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. आमच्या वडिलांसारख्या कारकुनी केलेल्या माणसांना ही गोष्ट लगेच भिडेल. बहुजनांच्या भाषेत काम करता यावे म्हणून त्यांनी स्वखुशीने पगार उतरवून घेतला. मराठी पुस्तकांचा उगम या ५० रुपयांत आहे.

अक्षरवाट

धरमपेठ, ही गोष्ट मी विसरलो होतो. पुढे अमेरिकेच्या पहिल्या खेपेहून परतल्यावर १९१२ साली ते फर्ग्युसनला आले आणि पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. आता माझाही आग्रह थोडा सैल करतो: ‘विसुद्धिमग्ग’ला पाच मिनिटे द्या, पण शब्द फळ्यावर लिहाच.

कामठी_रोड

ओघात सांगतो, सिंहलद्वीपाची ही वाट पुढे आपल्या नागपूरपर्यंत आली. भदंत आनंद कौसल्यायन पंजाबातले, १९२८ साली श्रीलंकेत भिक्खू झाले, जातककथा सहा खंडांत हिंदीत आणल्या, बाबासाहेबांचा धम्मग्रंथ हिंदीत नेला आणि अखेरची वर्षे इथेच काढून १९८८च्या जूनमध्ये नागपुरातच गेले. वडिलांनी त्यांची प्रवचने ऐकली होती.

नवेगाव

मी पाली शिकलेलो नाही. धागा सकाळपासून वाचतो आहे आणि त्या माशांच्या गाथेपाशी थांबलो आहे.

आमच्याकडे गोंदिया-भंडाऱ्याला मामा तलाव आणि शेतातल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. वैशाखात बोडी आटत जाते आणि मधोमध गुडघाभर गढूळ पाणी उरते. अख्ख्या बोडीतले मासे तेवढ्यात गोळा होतात. लहानपणी मी ढीवर (मासेमारी करणाऱ्या) मंडळींबरोबर काठावर बसून हे पाहिले आहे. पाणी दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. एक उसळला की शेजारचे दहा उसळतात, अंगावर अंग घासते, खवले निघतात, लहान मासे कडेच्या चिखलात फेकले जातात आणि तिथेच तोंड उघडझाप करत राहतात. मरळ तेवढी चिखलात दडून राहते. वर बगळे रांगेत बसलेले असतात. मासे एकमेकांना मारायला निघालेले नसतात, पण जागाच नसल्यामुळे प्रत्येकाची हालचाल दुसऱ्याला इजा करते.

‘अप्पोदके’ म्हणजे अल्प उदकात, हे मला कामठी_रोड यांनी अर्थ दिल्यावर कळले. ज्याने हा शब्द वापरला त्याने आटणारी बोडी जवळून पाहिलेली असणार. आणि ज्या पंडिताने हजारो पानांतून नेमकी ही ओळ उचलून मराठी माणसापुढे ठेवली, त्यानेही ती नुसती वाचली नसणार.

मैत्रायणी

नवेगावदादा, मला वाटते ताईंना सुरुवात मिळाली.

संध्यापाठ

खरोखरच मिळाली. सर्वांचे मनापासून आभार. टिपण बाजूला ठेवून मी नव्याने मांडणी केली ती अशी. आरंभी फळ्यावर ती गाथा लिहीन, आधी नागरीत आणि खाली तिचा एक चरण सिंहली अक्षरांत. ते मी आमच्या वर्गातल्या भंतेंकडून शिकून घेते आहे. श्रोत्यांना तो वाचता येणार नाही आणि तिथूनच १८९९ची पायपीट सांगायला घेईन. मग ‘ब्यारुद्धे’ आणि ‘व्यारुद्धे’, त्यातून हार्वर्ड. पुढे ५० रुपये आणि मराठी पुस्तके. बाळाबाईंचे नाव घर सोडण्याच्या प्रसंगातच येईल, शेवटी जोडलेले नसेल. सेवाग्रामच्या उपवासाबद्दल कामठी_रोड दादांची अडचण आणि जुनी_पोथी सरांचे उत्तर ही दोन्ही सांगेन आणि श्रोत्यांना बोलू देईन. दादा, वडिलांची ती खाकी वेष्टणाची प्रत एका दिवसासाठी आणाल का? आणि नवेगावदादा, बोडीचे तुम्हीच पाच मिनिटे सांगितलेत तर फार बरे होईल. वेळ संध्याकाळी सहाची आहे.

कामठी_रोड

प्रत घेऊन येतो. पेन्सिलीच्या खुणांवर मात्र खोडरबर चालवू देणार नाही.

नवेगाव

येतो ताई. ४ जून म्हणजे मृग लागायला तीन-चार दिवस बाकी, बोडीत वर्षातले सर्वांत कमी पाणी तेव्हाच असते. निघण्यापूर्वी सकाळी काठावर जाऊन फोटो काढून आणतो, म्हणजे फळ्याशेजारी लावता येईल.